ज्याची गोळी त्यानेच न्यावी

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

झालं एकदाचं सुरू. विहाराशेजारच्या समाजमंदिरात आज पहिल्यांदा ज्येष्ठ नागरिकांची तपासणी झाली. आता दर मंगळवारी होईल. अल्का मॅडम म्हणजे उपकेंद्राच्या आरोग्य अधिकारी. पाच गावं त्यांच्या एकटीच्या गळ्यात. आपल्या मुर्रीला आठवड्यातला एक सकाळचा वेळ, दहा ते बारा. बीपी मोजायचं, साखर बघायची, गोळ्या द्यायच्या. एवढ्यासाठी मी आणि मंडळाने वर्षभर जिल्ह्याच्या कचेरीचे उंबरे झिजवले. "बघू, करू, पाठवू" ऐकून कान किटले होते.

मी ज्येष्ठ नागरिक मंडळाचा अध्यक्ष. माणसं घुसायला लागली तेव्हा मीच रांग लावली. रेल्वेत टीसी होतो, गर्दीला घाबरत नाही. दुधरामची आई काठी आपटत म्हणाली, "टीसीबाबू, तिकीट दाखवू का?" सगळे हसले. हसू देत. रांग सरळ राहिली.

माझंही बीपी मोजलं. ठीक आहे. महिन्याच्या गोळ्या घेतल्या. त्या चांदीच्या पाकिटातून रोज एक गोळी दाबून काढताना माझा अंगठा दुखतो, म्हणून घरी आल्यावर नेहमीप्रमाणे सगळ्या एकदम काढून स्टीलच्या डबीत टाकल्या. डबी स्वयंपाकघरातल्या फळीवर, चहाच्या डब्याशेजारी.

कुसुम म्हणाली, "बरं केलं जी तुमी हे." एवढं ती वर्षातून एकदा म्हणते. म्हणून लिहून ठेवलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

डोकं फिरलं आज. सेवकराम बापाच्या नावाने गोळ्या मागायला आला. मॅडम देणारच होत्या. मी म्हटलं, थांबा. तुझा बाप दिवाळीआधीच गेला ना रे? मी स्वतः मातीला होतो! तर म्हणतो, "गोळ्या वाया कायले जाऊ द्यायच्या? माह्या सासऱ्याले होतील." मॅडमनी कपाळाला हात लावला.

हे असंच चालू राहिलं तर केंद्र दोन महिन्यांत बंद पडेल आणि वरचे म्हणतील, बघा, यांना द्यायलाच नको होतं. म्हणून मी तिथल्या तिथे नियम केला आणि संध्याकाळी रंगाऱ्याकडून फलक लिहून घेतला. निळ्यावर पांढरी अक्षरं. "ज्याची गोळी त्यानेच न्यावी. स्वतः हजर राहणे. वेळ दहा ते बारा. आदेशावरून, अध्यक्ष." दुसऱ्याच्या तिकिटावर प्रवास मी तीस-पस्तीस वर्षं कुणाला करू दिला नाही, आता या वयात काय करू देणार.

सगळे गेल्यावर श्यामलाल आला. शाळेत आमच्या वर्गातला, नहरेपलीकडच्या, म्हणजे कालव्यापलीकडच्या टोलीवर, छोट्या वस्तीत राहतो. स्वतःची धानाची शेती, पोरगी रुचिका बालाघाटला दिलेली, घरात दोघंच. त्याच्या बायकोचं, रुख्माचं, मागच्या साली शेताच्या धुऱ्यावरून पडून मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून ती खाटेवरच. बीपी तिला जुनंच.

"बुढीच्या गोळ्या द्या ना जी. सरून गेल्या."

"तिला घेऊन ये."

"कशी आनू? कूस बदलता येत नाई तिले."

"बैलबंडीत घालून आण. आज मी तुला दिल्या तर उद्या सेवकराम काय म्हणेल?"

तो फलकाकडे बघत राहिला. मग "बरोबर हाये जी" म्हणून गेला. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण नियम पहिल्याच दिवशी वाकवला तर तो नियम कसला?

१६ नोव्हेंबर, शनिवार

दुधरामच्या आईचं मत घ्यायला आज निवडणुकीची माणसं घरी आली. पंच्याऐंशीच्या वरच्यांना आणि ज्यांना चालवत नाही त्यांना घरबसल्या मत. पेटी, पोलीस, फोटो काढणारा, सगळा लवाजमा. म्हातारीने नवं लुगडं नेसून मत दिलं.

कुसुम भाकरी थापता थापता म्हणाली, "नहरेपलीकडे पन गेल्ती पेटी. रुख्माचं मत घेतलं."

"चांगलं झालं."

"हव. मत घ्यायले येतात. गोळी द्यायले नाई येत कोनी."

टोमणा कळला मला. मी म्हटलं, निवडणूक पाच वर्षांतून एकदा, गोळी रोजची, रोज कोण येणार? त्यावर तिची भाकरी करपली.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

श्यामलाल आज रांगेत पहिला. स्वतःचं बीपी मोजून घ्यायला. धापा टाकत होता, सदरा घामाने ओला, थंडी असून. यंत्राने मोठा आकडा दाखवला. मॅडम चमकल्या. म्हणाल्या, एका वेळच्या आकड्यावर गोळी सुरू करत नाहीत, पुढच्या मंगळवारी परत या. हा लगेच म्हणतो, "आजच द्या ना, माह्या जिवाले धोका हाये." मरणाला एवढा भिणारा माणूस मी पाहिला नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

श्यामलालचा तमाशा. पुन्हा तसाच धापा टाकत आला. दुधराम म्हणतो त्याला नहरेच्या काठच्या पाळीवरून पळत येताना पाहिलं, आणि पाठीमागे कुत्रंबित्रं काही नव्हतं. मॅडमनी त्याला पाणी पाजलं, अर्धा तास बाकावर बसवलं, मग मोजलं. एकदम ठणठणीत. पंचविशीतल्या पोरासारखं बीपी.

"काका, तुम्हाला काही नाही. गोळीची गरजच नाही," मॅडम म्हणाल्या.

लोक अशा वेळी पेढे वाटतात. हा गाडी चुकल्यासारखा बाकावर बसून राहिला. मी म्हटलं, "अरे, रडतोस काय, नाच!" तर उठून गेला, चहासुद्धा घेतला नाही. घरी कुसुमला हा किस्सा सांगितला. मला वाटलं हसेल. ती हातातलं सूप ठेवून म्हणाली, "पळत आला म्हनता?"

"हो ना."

"त्या वयात?"

"तेच तर सांगतोय!"

आणि पुन्हा सूप घेऊन पाखडायला लागली. बायकांना विनोद कळत नाही असं मी म्हणणार नाही, पण कुसुमला माझे कळत नाहीत.

३ डिसेंबर, मंगळवार

गर्दी बरी होती. बाराच्या ठोक्याला आटोपलं. मॅडमना पुढच्या गावची बस धरायची असते. दार ओढत होतो तर नहरेच्या पुलावर एक बंडी हळूहळू येताना दिसली. बैल पाऊल पाऊल टाकत होते, वर गादी अंथरलेली. कुणाचं तरी सामान असेल. कुणी हात केल्यासारखं वाटलं, पण ऊन डोळ्यांवर होतं. कुलूप घातलं आणि निघालो. आपल्या देशात वेळ पाळणारा माणूस म्हणजे सगळ्यांचा वैरी.

१० डिसेंबर, मंगळवार

सहा तारखेला विहारात अभिवादन झालं, आयोजनात मीच, म्हणून चार दिवस लिहायला जमलं नाही.

एक तक्रार नोंदवतो. घरात आठवड्यात तिसऱ्यांदा लाखोळीच्या पाल्याची भाजी. मला आवडते, पण तिसऱ्यांदा? कुसुम म्हणते, नहरेकडच्या धानाच्या बांधीत कोवळी आली आहे, खुडायला जाते, तेवढंच पाय मोकळे होतात. म्हटलं, पाय मोकळे कर, पण माझं पोट का बांधतेस. आज हसली.

१७ डिसेंबर, मंगळवार

ही नोंद कुणी वाचू नये. जुन्या वह्यांच्या खाली ही वही ठेवत जाईन.

डबीत गोळ्या कमी आहेत. मी रोज सकाळी चहानंतर एक घेतो. महिना संपायला अजून बरेच दिवस आहेत आणि डबीचा तळ दिसायला लागला. पहिल्यांदा वाटलं, मॅडमनी कमी दिल्या. पण पाकिटं मी मोजून घेतली होती, माझ्याच हाताने रिकामी केली. मग याचा अर्थ एकच. मी गोळी घेतो, विसरतो, आणि परत घेतो.

माझ्या थोरल्या भावाचं, ईश्वरदास भाऊचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग जेवलो की नाही, मग पोरांची नावं. शेवटी शेवटी गोंदिया स्टेशनवर बाकावर बसलेला सापडायचा. विचारलं की म्हणायचा, गाडीची वाट बघतो. कुठली गाडी ते सांगता यायचं नाही. मी त्याला हाताला धरून घरी आणायचो आणि मनात म्हणायचो, माझं असं होऊ नये, बाकी काहीही चालेल.

मॅडमना सांगू का? त्या लिहून घेतील. मग मंडळात कळेल. ज्याला स्वतःची गोळी आठवत नाही तो रांग काय सांभाळणार. कुसुमला तर मुळीच नाही सांगायचं. ती घाबरेल, पोराला, अतुलला फोन करेल आणि अतुल मला पुण्याला नेऊन सातव्या मजल्यावर बसवेल.

२९ डिसेंबर, रविवार

रोज सकाळी परीक्षा घेतो स्वतःची, गोंदियापुढची स्टेशनं ओळीने. गुदमा, आमगाव, धानोली, सालेकसा, दरेकसा, बोरतलाव, पनियाजोब, डोंगरगड. झोपेत म्हणायचो हे. आज आमगावनंतर अडलो. धानोली आठवायला तोंड धुऊन यावं लागलं. 

कुसुमने विचारलं, "काय पुटपुटता जी?" म्हटलं, वंदना म्हणतो. खोटं बोललो. तिने विचित्र बघितलं, कारण वंदना मी मोठ्याने म्हणतो.

आज पुन्हा लाखोळी.

७ जानेवारी, मंगळवार

जिल्ह्यावरून साहेब पाहणीला आले होते. केंद्र बघून खूश. गोळ्या घेणारे जवळपास सगळे नियमित, बीपी ताब्यात. म्हणाले, "असं केंद्र आमच्याकडे दुसरं नाही. हे कसं जमवलं?" मी फलकाकडे बोट दाखवलं. त्यांनी फलकाचा फोटो काढला, दुसऱ्या गावांनाही पाठवतो म्हणाले. टाळ्या झाल्या. श्यामलाल मागे भिंतीला टेकून उभा होता, त्यानेही वाजवल्या.

साहेबांनी विचारलं, "आणि जे येत नाहीत ते?" मी म्हटलं, "ज्याला गरज आहे तो येतोच साहेब." मॅडम काही बोलायला गेल्या, पण साहेबांचा फोन वाजला.

घरी आलो. टाळ्या अजून कानात होत्या. डबी उघडली. मागच्या मंगळवारीच भरलेली, आणि पुन्हा हलकी. खाटेवर बसून राहिलो. लोक टाळ्या वाजवताहेत आणि आत माणूस झिजत चाललाय, हे कुणाला सांगायचं?

९ जानेवारी, गुरुवार

ठरवलं. स्वतःवर विश्वास नाही तर पहारा बसवायचा. ड्युटीची जुनी लोखंडी पेटी माळ्यावरून काढली, डबी तिच्यात ठेवली, कुलूप घातलं, किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात. सकाळी गोळी घेतली की कॅलेंडरवर टिंब. टिंब असेल तर पेटी उघडायची नाही, आठवत असो नसो. विसरणाऱ्या माणसाला नियम हाच आधार.

१२ जानेवारी, रविवार

कुसुम फळीवर काहीतरी शोधत होती. चहाचा डबा खाली, साखरेचा खाली.

"गोळ्यायची डबी कुठं हाये जी?"

"ठेवली आहे."

"कुठं?"

"आहे ना जागेवर. तुला काय करायची?"

काय सांगू तिला, की नवऱ्याला स्वतःपासून लपवून ठेवावी लागते? जरा आवाज चढला माझा. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "कळलं तुमाले?"

 म्हणजे हिच्या लक्षात आलंय माझं विसरणं. मी म्हटलं, "कळलं. आता बोलायचं नाही त्यावर. कुणाकडेच नाही."

"पन ऐका तर..."

"कुसुम, नाही म्हटलं ना."

ती डबे जागेवर ठेवत राहिली. डोळे पुसले की धूर गेला होता, माहीत नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

जमतंय! टिंबं आणि गोळ्या बरोबर जुळतात. एकही कमी नाही. म्हणजे डोकं अजून ठिकाणावर आहे, फक्त शिस्त पाहिजे होती. गुदमा ते डोंगरगड एका दमात, आणि उलटंही. आज केंद्रात मी दुधरामच्या आईला गाणं म्हणायला लावलं, एवढा खुशीत होतो.

घरात मात्र गार. कुसुम कामापुरतं बोलते. नहरेकडे जाणंही बंद, लाखोळी बंद. चला, निदान पोट सुटलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

श्यामलाल आला, रांगेत उभा राहिला नाही. फलकासमोर उभा राहून कितीतरी वेळ वाचत होता, जणू आज वेगळं काही लिहिलं असेल. मी विचारलं, "काय रे, रुख्मा कशी आहे?"

"डोस्कं लय दुखते म्हंते जी. डोऱ्यापुढे अंधारी येते."

"घेऊन ये मग. मॅडम बारापर्यंत आहेत."

तो हसल्यासारखा झाला. "एक डाव आनली होती जी," म्हणाला. मी विचारणार होतो कधी, तेवढ्यात रांगेत दोघींचं भांडण लागलं. वळून बघतो तर गेलेला.

मॅडमना सांगायला हवं होतं का? सांगतो पुढच्या मंगळवारी.

१० फेब्रुवारी, सोमवार

रुख्माला लकवा मारला. सकाळी श्यामलाल चहा द्यायला गेला तर तोंड वाकडं, उजवा हात पाय लुळा, बोलणं गेलं. अँब्युलन्स नहरेच्या पुलापर्यंतच आली, पुढे वाट नाही. चौघांनी खाट उचलून पाळीवरून आणली. खाटेचा एक पाय मी धरला होता. ती हलकी आहे फार. कपाळावर घाम आणि डावा डोळा उघडा, सारखा माझ्याकडेच बघतोय असं वाटत होतं.

मी आणि कुसुम सोबत गेलो. गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आकडा बघितला आणि पहिलं विचारलं, "गोळी कधीपासून बंद आहे?"

 श्यामलालने एकदा कुसुमकडे बघितलं. कुसुम म्हणाली, "महिना झाला."

तिला कसं माहीत? मी तिथे काही विचारलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

केंद्र उघडलं नाही मी. कुलूप तसंच.

काल दवाखान्यातून ऑटोने परत आलो. घरी आल्यावर कुसुमने पायरीवरच सांगून टाकलं, आत यायचीही वाट बघितली नाही.

गोळ्या तीच नेत होती. श्यामलाल पळत आला होता म्हणून मी हसत सांगितलं ना, तेव्हा तिला कळलं तो का पळाला. स्वतःचं बीपी चढवून बायकोसाठी गोळी घ्यायला. दुसऱ्या दिवशी ती नहरेपलीकडे गेली, रुख्माला पाहिलं, आणि तेव्हापासून माझ्या डबीतल्या चार-चार गोळ्या पदराला बांधून नेत होती. रुख्मा दिवसाला अर्धी खायची. पूर्ण नाही, पण काही नाही यापेक्षा बरं. येताना भाजी खुडून आणायची. मी आठवड्यातून तीनदा लाखोळी खाऊन कुरकुर करत होतो.

"मेडिकलमधून आणायच्या होत्या," मी म्हटलं.

"मेडिकलवाला चिठ्ठी मांगते. चिठ्ठीले डाक्टर पाहिजे. डाक्टरकडे जायले बुढी उठली पाहिजे. आन् बुढी उठली असती तं तुमच्या रांगेतच नसती का आली?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमाले?" ती पहिल्यांदा ओरडली. "श्यामलालभाऊनं सांगितलं तं तुमी फलक दाखवला. मी सांगितलं असतं तं का केलं असतं? माह्याच नावाचा फलक लावला असता. आन् त्या दिवशी मी बोलतच होती, तं तुमीच म्हनले, कळलं, बोलायचं नाई. मले वाटलं तुमाले राग आला, गोळ्या कुलपात घातल्या. मंग कुठून नेऊ?"

तेव्हा मला सांगावं लागलं. की मला वाटलं मी विसरतोय. ईश्वरदास भाऊसारखं. म्हणून कुलूप.

ती मटकन बसली.  मग म्हणाली, "म्हनून पुटपुटत होते का जी सकाळी? मले सांगायचं होतं ना. मी काऊन तुमाले भेव दाखवीन." माझा हात धरला आणि रडायला लागली. मीही रडलो. एवढी वर्षं एका घरात, आणि दोघांनी एकमेकांपासून चोरून ठेवलं ते नेमकं हेच.

मी खिशातून किल्ली काढून तिच्यापुढे धरली.

"आता कायले?" ती म्हणाली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

डोकं शाबूत आहे. विसरत नव्हतो. गेले दोन महिने हेच ऐकायला जीव टांगणीला होता, आणि आता ऐकलं तर आनंद कुठे ठेवू कळत नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं असंही एकदा मनात आलं. पुलावरची ती बंडी डोळ्यांपुढून जात नाही. गादी होती तिच्यावर. कुणीतरी हात केला होता. ऊन डोळ्यांवर होतं, हे खरं आहे. पण मी हात आडवा धरून बघितलं का? नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमना सगळं सांगितलं. वाटलं चिडतील. त्या बराच वेळ बीपीच्या यंत्राची नळी गुंडाळत राहिल्या.

"काका, मला तर वाटलं अंथरुणावर असलेलं गावात कुणी नाही. घरी जाऊन गोळी देता येते मला. द्यायचीच असते. मला फक्त कुणीतरी घर दाखवायला हवं."

"पण नियम..."

"नियम तुमचा होता काका. मी मंडळाचं ठरलंय म्हणून गप्प बसले. खरं सांगायचं तर सोयीचंही होतं. पाच गावं, एक मी. रांग सरळ होती." त्यांनी डोळे पुसले. "साहेब विचारत होते तेव्हा बोलायला हवं होतं मी."

मग आम्ही बसून आठवायला लागलो. नहरेपलीकडे कोण, मिलच्या मागे कोण. भैय्यालालचा बाप, दोन्ही डोळ्यांनी आंधळा. विडी वळणाऱ्या त्या दोघी बहिणी, दोघींनाही चालवत नाही. एकेक नाव निघत गेलं आणि माझा चेहरा उतरत गेला. या सगळ्यांना मी ओळखतो. लग्नाला गेलोय यांच्या घरी. केंद्रात जे चालत येऊ शकत होते तेच आजारी, असं धरून मी टाळ्या घेतल्या. साहेबांच्या फोनमध्ये अजून तो फलक असेल. तो कुठकुठल्या गावात लागला असेल आता?

साहेबांना फोन लावला. "बिझी आहेत," कचेरीतून उत्तर आलं. उद्या कचेरीतच जाऊन बसतो. उंबरे झिजवायची सवय आहे.

दुधराम फलक काढायला आला होता. मी म्हटलं, राहू दे. मीच काढतो. खिळे फार आत ठोकले होते मी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज आधी नहरेपलीकडे, मग रांग. तसं सगळ्यांना सांगितलं. दुधरामची आई म्हणाली, "जा बापा, आमी बसतो." कुणी कुरकुर केली नाही. मला उगाच वाटायचं, वेळ चुकला तर लोक खवळतील.

मॅडम पुढे, यंत्राची पिशवी माझ्या खांद्यावर, कुसुम मागे. पाळीवरची वाट लांब नाही. बांधीत लाखोळी फुलली आहे, निळी निळी. आता ती खुडण्यासारखी राहिली नाही.

रुख्मा परवा दवाखान्यातून घरी आली. अंगणात खाट, खाटेवर ऊन. मला बघून ती डाव्या हाताने पदर सावरायला लागली, उठायला बघत होती, पाहुणा आला म्हणून. कुसुमने तिला धरलं. मॅडमनी बीपी मोजलं, गोळ्या दिल्या, श्यामलालला समजावलं. मी काय बोलायचं ते वाटेत ठरवून आलो होतो. एक शब्द आठवला नाही.

"श्यामलाल, माझं चुकलं रे."

"कायचं जी. तुमचा नियम बरोबरच होता," तो म्हणाला. "मीच बंडी उशिरा जुपली त्या दिवशी."

तो खरंच तसं मानतो. त्याने शिवी दिली असती तर मला घरी येऊन जेवता तरी आलं असतं.

निघताना रुख्मा काहीतरी म्हणत होती. तोंडातून नुसता आवाज, शब्द नाही. श्यामलालला कळलं. तो आत गेला आणि कोनाड्यातून कागदाची पुडी घेऊन आला. उघडली. आत गोळ्या. पांढऱ्या, काही अर्ध्या केलेल्या. माझ्या डबीतल्या.

"तुमी डबी कुलपात घातली म्हनून वहिनीनं सांगितलं ना, तवा हे बुढी खायचीच बंद झाली. लय सांगितलं मी. नाई म्हने. म्हने, टीसीबाबूले कमी पडून राहिल्या दिसते. त्याईच्या हायेत, त्याईले परत दे."

रुख्मा डाव्या हाताने पुडी माझ्याकडे सरकवत होती. मी घेत नव्हतो म्हणून पुन्हा पुन्हा सरकवत होती.

शेवटी घेतली. मग रांगेकडे परत आलो.